समुद्रातले मासे संपू नयेत म्हणून आपण काय करू शकतो (मासे न खाणाऱ्यांनीही वाचावं)

बेसुमार मासेमारीचा विषय निघाला की दोन उत्तरं ठरलेली असतात. एक म्हणजे "आम्ही मासे खातच नाही, आमचा काय संबंध?" आणि दुसरं "एवढ्या मोठमोठ्या बोटी समुद्र खरवडून नेतायत, माझ्या ताटातल्या एका तुकड्याने काय होणारे?" दोन्ही ऐकायला पटतात आणि दोन्ही अर्धवट आहेत.

आधी न खाणाऱ्यांचं बघू. जगात दरवर्षी पकडल्या जाणाऱ्या माशांपैकी दीड कोटी टनांहून जास्त मासे थेट माणसाच्या पोटात जातच नाहीत, त्यांचं फिशमील आणि तेल होतं. फिशमील म्हणजे मासे शिजवायचे, दाबून त्यातलं पाणी आणि तेल काढायचं आणि उरलेला चोथा वाळवून त्याची भुकटी करायची. ही भुकटी शेतीत वाढवलेल्या कोळंबीला जाते, पाळलेल्या सॅल्मनला जाते, कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात जाते, कुत्र्या-मांजरांच्या खाण्यात जाते, आणि तेलातलं काही जातं आपल्या ओमेगा-३ च्या कॅप्सूलमध्ये. म्हणजे ताटात मासा नसला तरी औषधाच्या डब्यात असू शकतो.

या धंद्यातला सगळ्यात मोठा मासा म्हणजे पेरूच्या किनाऱ्यावरचा अँचोव्हेटा, बोटभर लांबीचा. १९७० साली एकट्या पेरूने हा मासा १.२ कोटी टनांच्या वर पकडला, आणि तो जवळपास सगळा भुकटीसाठी. मग १९७२ मध्ये एल निनो आला, समुद्राचं पाणी तापलं, माशांचं खाणं आटलं, आधीच उपसून उपसून कमी केलेला साठा कोसळला आणि १९७३ ला पकड २० लाख टनांच्याही खाली आली. एल निनो तर हजारो वर्षं येतोय, अँचोव्हेटा त्यातून सावरतही होता, पण इतकी उपसा-उपशी आणि एल निनो दोन्ही एकदम झालं तेव्हा त्याला झेपलं नाही.

बरं, ओमेगा-३ मासा स्वतः फारसं बनवत नाही. ते बनवतं समुद्रातलं सूक्ष्म शैवाल, ते बारीक जीव खातात, त्यांना छोटे मासे खातात, आणि असं ते वर वर सरकत जातं. आता तेच शैवाल टाक्यांमध्ये वाढवून थेट त्याचं तेल काढतात, त्याच्या कॅप्सूल मिळतात, त्यात डीएचए, म्हणजे ओमेगा-३ चाच एक प्रकार, असतं आणि मासा मधून वगळला जातो. क्रिल ऑइलच्या कॅप्सूलची जाहिरात फार शुद्ध-बिद्ध म्हणून करतात पण क्रिल, म्हणजे कोळंबीसारखे बारीक जीव, हे अंटार्क्टिकातल्या देवमाशांचं, पेंग्विनांचं, सीलचं रोजचं जेवण आहे हे लेबलवर कुणी लिहीत नाही. कॅप्सूल लागतच असेल तर शैवालाची घ्या, हा यातला सगळ्यात सोपा बदल आहे आणि त्यासाठी जिभेचा एकही लाड सोडावा लागत नाही.

आता खाणाऱ्यांकडे येऊ. बेसुमार म्हणजे नेमकं किती? मासे हा साठा स्वतः वाढणारा आहे, त्यामुळे दरवर्षी जेवढी भर पडते तेवढं काढलं तर काही बिघडत नाही, त्यापेक्षा जास्त काढायला लागलो की मुद्दल खायला सुरुवात होते. संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना, एफएओ, याचा हिशोब ठेवते. १९७४ मध्ये जगातल्या साधारण १० टक्के साठ्यांचं मुद्दल खाल्लं जात होतं, २०२५ च्या अहवालात हा आकडा ३५.५ टक्के आहे. आणि गंमत बघा, १९८० च्या दशकाच्या शेवटापासून समुद्रातून निघणाऱ्या माशांचं एकूण वजन जवळपास तिथल्या तिथेच आहे, बोटी मोठ्या झाल्या, आवाजाच्या लहरींनी मासे शोधणारं सोनार यंत्र आलं, उपग्रह आले, तरी वजन काही वाढत नाही.

हे सगळं इतक्या उशिरा का कळतं याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे कॅनडातल्या न्यूफाउंडलंडचा कॉड. पाचशे वर्षं तिथे कॉडवर लोक जगले. १९६८ मध्ये ८ लाख टनांची पकड झाली, नंतर ती घसरली, कॅनडाने परदेशी बोटी बाहेर काढल्या, कोटा ठरवला, शास्त्रज्ञ दरवर्षी साठा मोजत होते, आणि तरीही जुलै १९९२ मध्ये मासेमारी पूर्ण बंद करावी लागली आणि सुमारे ३०,००० लोकांचं काम एका घोषणेत गेलं. चूक कुठे झाली? साठा किती आहे याचा अंदाज बांधताना एक मोठा आधार होता बोटींना दर फेरीला किती मासा मिळतो हा. आता कॉड संख्येने कमी झाला तरी उरलेले मासे समुद्रभर विरळ पसरत नाहीत, ते घोळका करूनच राहतात, आणि सोनार लावलेली बोट नेमकी त्या घोळक्यावरच जाते. त्यामुळे शेवटच्या घोळक्यापर्यंत जाळं भरूनच येतं आणि कागदावर सगळं ठीक दिसतं. दोन वर्षांसाठी म्हणून आणलेली ती बंदी उठली २०२४ मध्ये, म्हणजे ३२ वर्षांनी, आणि तीसुद्धा फक्त १८,००० टनांचा कोटा देऊन. तेव्हा बाजारात एखादा मासा ढिगाने दिसतोय म्हणजे तो समुद्रातही ढिगाने आहे, असं बिलकुल समजू नका.

मग खरेदी करताना काय बघायचं? माझ्या मते "कमी खा" यापेक्षा "कुठला खा आणि केवढा खा" हा प्रश्न जास्त कामाचा आहे. काही मासे लवकर वाढतात, लवकर अंडी घालतात, त्यांचा साठा पटकन भरून येतो, जसं तारली, किंवा ट्यूनामधला स्किपजॅक, जो वर्ष-दीड वर्षातच अंडी घालण्याएवढा होतो. दुसऱ्या टोकाला ऑरेंज रफी नावाचा खोल समुद्रातला मासा आहे, तो वयात यायलाच वीस-तीस वर्षं घेतो आणि शंभर वर्षांच्या वर जगतो. म्हणजे ताटात आलेला तो तुकडा तुमच्या आजीपेक्षा मोठा असू शकतो. हे मासे समुद्राखालच्या डोंगरांभोवती गर्दी करतात, एकदा बोटीला ती जागा सापडली की काही वर्षांत साफ, आणि तो साठा परत भरायला आपली अख्खी हयातही पुरत नाही.

आकाराचंही तसंच. अंगठ्याएवढी पिल्लं विकत घेऊ नयेत हे सगळ्यांना पटतं कारण त्यांनी एकदाही अंडी घातलेली नसतात. पण खूप मोठ्या मादीचं महत्त्व फारसं कुणाला माहीत नसतं. आपल्याला वाटतं दुप्पट वजनाची मादी दुप्पट अंडी घालेल, तर तसं होत नाही, त्याहून कितीतरी जास्त घालते. २०१८ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात हिशोब असा होता की ३० किलोची एक कॉड मादी ही २-२ किलोच्या २८ माद्यांपेक्षा, म्हणजे एकूण ५६ किलो माशांपेक्षा, जास्त अंडी घालते. शिवाय मोठ्या मादीची अंडीही मोठी असतात. म्हणून हौसेने गळ टाकणाऱ्यांसाठी काही ठिकाणी नियमच आहे की अमुकपेक्षा लहान मासा सोडा आणि तमुकपेक्षा मोठाही सोडा, मधलाच ठेवा. फोटो मात्र सगळ्यांना मोठ्याचाच हवा असतो!

गळवाल्यांचा विषय निघालाच आहे तर, मासा सोडला म्हणजे तो जगला असं नसतं. पंचवीस-तीस मीटर खोलीवरून पटकन वर ओढलेल्या माशाच्या पोटातली हवेची पिशवी दाब कमी झाल्याने फुगते, इतकी की जठर तोंडातून बाहेर येतं, डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात, आणि पाण्यात सोडला तरी तो बिचारा फुग्यासारखा वरच तरंगत राहतो, मग पक्षी टिपतात. यावर साधा उपाय आहे, वजन लावलेली चिमट्यासारखी एक क्लिप, ती जबड्याला लावून मासा परत खोल न्यायचा आणि तिथे सोडायचा, दाब वाढला की पिशवी आपोआप आकसते. तसंच सरळ हुकाऐवजी गोल वळलेला सर्कल हुक वापरला तर तो बहुतेक वेळा जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो, आतड्यात जात नाही.

पकडायची पद्धत हा वेगळाच मोठा विषय आहे. गळाने एकेक काढलेला ट्यूना आणि समुद्राच्या तळावरून ओढत नेलेल्या जाळ्यातली कोळंबी यात जमीन-अस्मानाचा फरक. उष्ण समुद्रात कोळंबीच्या ट्रॉलमध्ये, म्हणजे अशा ओढत्या जाळ्यात, कोळंबीच्या कित्येक पट वजनाचे दुसरे जीव येऊ शकतात, त्यातले पुष्कळ मेलेले परत फेकले जातात. एफएओच्या अंदाजाने जगात असे वर्षाला ९० लाख टनांच्या आसपास मासे फेकले जातात. याउलट शिंपले आणि कालवं शेतीत वाढवलेली असली तर त्यांना बाहेरून खाद्य लागतच नाही, पाण्यातलंच गाळून खातात, त्यामुळे ती निवांत खावीत असं माझं मत. शाकाहारी किंवा जवळपास शाकाहारी मासे, कार्प-तिलापियासारखे, शेतीत वाढवलेले असले तर त्यांना फिशमील खूप कमी पुरतं.

हे कळणार कसं? पॅकबंद मासा असेल तर लेबल उलटून बघा. युरोपियन युनियनमध्ये ताज्या आणि गोठवलेल्या माशावर त्याचं शास्त्रीय नाव, पकडलेला की वाढवलेला, कुठल्या समुद्रातला आणि कुठल्या प्रकारच्या जाळ्याने-गळाने पकडला हे लिहिणं कायद्याने बंधनकारक आहे. समुद्राचे भाग एफएओच्या नंबरने देतात, २७ म्हणजे ईशान्य अटलांटिक, ५१ म्हणजे हिंदी महासागराची पश्चिम बाजू. जिथे नुसतं "मासा" किंवा "ट्यूना" एवढंच लिहिलंय तिथे विचारा. अमेरिकेतलं मॉन्टेरे बे अक्वेरियम १९९९ पासून कुठला मासा घ्यावा, कुठला टाळावा याची सीफूड वॉच नावाची यादी काढतंय. मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल, म्हणजे एमएससी, या संस्थेचा टिकाऊ मासेमारीसाठीचा निळा शिक्का असतो, तो अगदी निर्दोष आहे असं नाही, तपासणीचा खर्च छोट्या मच्छिमारांना परवडत नाही हा आक्षेप खरा आहे, पण काहीच माहिती नसण्यापेक्षा बरा. आणि नावावर आंधळा विश्वासही नको, ओशियाना संस्थेने २०१३ मध्ये अमेरिकेत १,२०० हून जास्त नमुन्यांचा डीएनए तपासला तर एक तृतीयांश मासे भलत्याच नावाने विकले जात होते.

आता तो दुसरा प्रश्न, एकट्याने काय होतं. अटलांटिकमधला स्वोर्डफिश १९९० च्या दशकात इतका उपसला गेला की अंडी घालायच्या वयाला न पोचलेले मासेच भरपूर यायला लागले. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या शेफ लोकांनी तो मेन्यूवरून काढायला सुरुवात केली, बघता बघता शेकडो शेफ त्यात आले, गिऱ्हाइकं प्रश्न विचारायला लागली, आणि १९९९ मध्ये संबंधित देशांनी दहा वर्षांची साठा सुधारण्याची योजना मान्य केली, पकडीवर मर्यादा आली, आणि त्या मुदतीत उत्तर अटलांटिकचा साठा खरोखर सावरला. नुसत्या बहिष्काराने हे झालं नाही, नियम आले म्हणून झालं, पण त्या नियमांना घाई सुचली ती लोकांमुळे.

डब्यातल्या ट्यूनाची गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे. पूर्व पॅसिफिकमध्ये यलोफिन ट्यूना डॉल्फिनच्या खाली पोहतो, म्हणून बोटी डॉल्फिनभोवतीच जाळं टाकायच्या, १९८६ साली तिथे लाखाहून जास्त डॉल्फिन मेले. १९८७ मध्ये सॅम लाबड नावाचा तरुण स्वयंपाकी म्हणून अशा एका बोटीवर चढला, गुपचूप चित्रण केलं, ते १९८८ मध्ये टीव्हीवर आलं, लोक भडकले आणि १९९० मध्ये मोठ्या कंपन्यांनी तसला ट्यूना घेणं बंद केलं. पुढच्या दहा वर्षांत मरणाऱ्या डॉल्फिनची संख्या वर्षाला काही हजारांवर आली. पण बऱ्याच बोटी मग समुद्रात तरंगते तराफे सोडून त्याखाली जमणारे मासे घेरायला लागल्या, आणि तराफ्याखाली ट्यूनाची पिल्लं, शार्क, कासवं असं सगळंच जमतं. म्हणजे "डॉल्फिन सेफ" डबा बाकीच्यांसाठी सेफ असेलच असं नाही. "पोल अँड लाइन" किंवा "तराफ्याविना पकडलेला" असं लिहिलेलं असेल तर तो घ्यावा.

एक गोष्ट मात्र दुकानात करता येत नाही. २०१८ मध्ये जगभरच्या सरकारांनी मासेमारीला जवळपास ३५ अब्ज डॉलरची सबसिडी दिली, आणि त्यातले २२ अब्ज बोटींची ताकद वाढवण्यात गेले, त्यात डिझेलचा वाटा मोठा. ही सूट नसेल तर खोल समुद्रातल्या कित्येक बोटींना तिथवर जाणं परवडणारच नाही. हा आपल्या करातला पैसा आहे, म्हणजे मासे न खाणाऱ्याचाही. जागतिक व्यापार संघटनेचा या सबसिडीवरचा करार जून २०२२ मध्ये झाला आणि १५ सप्टेंबर २०२५ ला लागू झाला. बेकायदेशीर मासेमारीला आणि आधीच उपसलेल्या साठ्यांच्या मासेमारीला मिळणाऱ्या सबसिडीवर त्यात निर्बंध आले, पण बोटींची संख्या आणि ताकद फुगवणारी मुख्य सबसिडी अजून बाहेरच आहे. तिचे नियम चार वर्षांत ठरले नाहीत तर, देशांनी वेगळं ठरवलं नाही तर, अख्खा करारच संपतो असं कलम त्यात आहे. म्हणजे सप्टेंबर २०२९ पर्यंत वेळ आहे, आणि आपल्या खासदाराला किंवा जो कोण प्रतिनिधी असेल त्याला "या वाटाघाटीत आपली बाजू काय?" असं विचारणारी एक ईमेल लिहायला फार तर दहा मिनिटं लागतात.