टायर बदलायला बंदी : फेरारीच्या २००५ मधल्या घसरणीची पार्श्वभूमी

२००४ च्या फॉर्म्युला वन मोसमात १८ शर्यती झाल्या आणि त्यांतल्या १५ फेरारीने जिंकल्या. पुढच्या वर्षी १९ शर्यती होत्या. फेरारीला विजय मिळाला एकच, आणि तोही ज्या शर्यतीत जेमतेम सहा गाड्या धावल्या त्या शर्यतीत. संघ तोच होता. मायकेल शूमाकर, तंत्रप्रमुख रॉस ब्रॉन, संघप्रमुख जाँ टॉड, सगळे आपापल्या जागी होते. बदलली होती ती नियमावली. पात्रता फेरी (सुटतानाचा क्रम ठरवणारी) आणि मुख्य शर्यत एकाच टायरसंचावर पार पाडायची, पंक्चर, नुकसान किंवा पाऊस असल्याशिवाय टायर बदलायचे नाहीत, असा तो नवा नियम. टिकला एकच मोसम. तरी फेरारीला तो इतका का लागला, हे समजायला १९८२ पर्यंत मागे जावं लागतं.

तेव्हा पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगत संघ गाडीवर काम करतात त्या जागेत, थांबावं लागणं म्हणजे बहुधा काहीतरी बिघडलं असं समजत. टाकी काठोकाठ भरायची, शर्यतभर टिकतील असे कडक टायर लावायचे आणि शेवटपर्यंत जायचं. ब्रॅबहॅम संघाचा रचनाकार गॉर्डन मरे याने वेगळा हिशेब मांडला. निम्मी टाकी भरून सुटलं तर गाडी हलकी राहते, मऊ टायर वापरता येतात आणि प्रत्येक फेरीत थोडा थोडा वेळ वाचतो. ही बचत मध्येच थांबून इंधन भरण्यात आणि टायर बदलण्यात जाणाऱ्या वेळेपेक्षा जास्त असेल, तर थांबणाराच जिंकेल. ब्रँड्स हॅचला हा डाव पहिल्यांदा मांडला, पण थांब्याची वेळ यायच्या आधीच दोन्ही गाड्या बाद झाल्या. त्यानंतर ऑस्ट्रियात रिकार्डो पात्रेसेचा थांबा ठरल्याप्रमाणे पार पडला. मग इंजिनाने दगा दिला. तरी हिशेब खरा आहे हे सगळ्यांना दिसलं होतं. १९८३ मध्ये इतर संघांनी तो उचलला, आणि मरेने लहान टाकीभोवती बांधलेल्या बीटी-५२ गाडीतून नेल्सन पिके विश्वविजेता झाला.

१९८४ मध्ये शर्यतीदरम्यान इंधन भरण्यावर बंदी आली. शर्यतीसाठी २२० लिटरची मर्यादाही घातली गेली. लहान टाकीचा फायदा एका फटक्यात संपला आणि ब्रॅबहॅमला गाडीची मांडणी नव्याने करावी लागली. पुढे २० वर्षांनी फेरारीच्या बाबतीत जे घडलं, त्याची ही पहिली आवृत्ती म्हणता येईल.

इंधन भरायची मुभा परत आली ती १९९४ मध्ये. नळीतून सेकंदाला सुमारे १२ लिटर इंधन जायचं. त्यातला धोका त्याच वर्षी हॉकेनहाइमला दिसला. योस व्हेरस्टापेनच्या बेनेटन गाडीवर इंधन सांडलं आणि क्षणात गाडी पेटली. जीवितहानी झाली नाही, पण ते दृश्य पाहिलेला माणूस ते विसरू शकत नाही. मुभा मात्र २००९ पर्यंत कायम राहिली, आणि ही १६ वर्षं पिटसमोरच्या भिंतीपाशी बसून शर्यतीचे डाव आखणाऱ्यांची होती.

यातलं गणित समजून घेण्यासारखं आहे. ढोबळमानाने १० किलो इंधनामागे फेरीला ०.३ सेकंद जातात. समोरच्या गाडीच्या टाकीत किती इंधन आहे हे तुम्हाला ठाऊक नसतं. तो पिटमध्ये वळला की तुमचा पुढचा रस्ता मोकळा, तुमची टाकी जवळपास रिकामी, गाडी हलकी. त्या दोन-तीन फेऱ्या जीव तोडून मारल्या की तुमचा थांबा होऊन बाहेर पडेपर्यंत तो मागे पडलेला असतो. रस्त्यावर ओलांडणं अवघड, म्हणून पिटमध्ये ओलांडायचं. याबद्दल प्रेक्षकांची तक्रार असे आणि ती रास्त होती. मला मात्र त्या काळातलं बुद्धीचं काम आजही थक्क करतं.

१९९८ ची हंगेरीची शर्यत घ्या. हंगारोरिंग इतका अरुंद आणि वळणदार, की तिथे मागे अडकलेला मागेच राहतो. मॅक्लारेनच्या दोन गाड्या पुढे आणि दोन्ही दोन थांब्यांवर. ब्रॉनने शर्यत चालू असताना शूमाकरला तीन थांब्यांवर नेलं आणि सांगितलं, १९ फेऱ्यांत २५ सेकंदांची आघाडी काढ. म्हणजे प्रत्येक फेरीला सव्वा सेकंदाहून जास्त, तेही चुकूनसुद्धा न चुकता. शूमाकरने ती काढली आणि शर्यत जिंकली. डाव कागदावर कोणालाही मांडता आला असता. तो अमलात आणू शकेल असा चालक हाताशी आहे हे ब्रॉनला माहीत होतं, हे त्यातलं मर्म.

२००४ मध्ये फ्रान्सच्या मान्यी-कूरला हीच कल्पना आणखी पुढे गेली. फर्नांडो अलोन्सोची रेनॉ पुढे होती आणि तिच्या मागे राहून काही होणार नव्हतं. फेरारीने थांबे वाढवून चार केले. तिथला पिटमार्ग लहान, त्यामुळे जादा थांब्याची किंमत कमी पडत होती. अलोन्सो तीन थांबे करून दुसरा आला, शूमाकर चार थांबे करून पहिला. छोट्या छोट्या टप्प्यांत, कायम हलकी टाकी आणि ताजे टायर घेऊन धावायचं, ही फेरारीची पद्धत त्या दिवशी टोकाला पोचली होती.

या पद्धतीमागे टायर होते. सरावचाचण्यांवर तेव्हा आजच्यासारखी बंधनं नव्हती आणि फियोरानो व मुजेल्लो हे दोन्ही ट्रॅक फेरारीच्या मालकीचे. टायर पुरवणाऱ्या ब्रिजस्टोन कंपनीसाठी फेरारी हाच मुख्य संघ होता. टायर गाडीसाठी घडत, गाडी टायरसाठी, आणि दोन्ही थोड्या फेऱ्या जोरात काढण्यासाठी. नियमांत इतकी चपखल बसलेली यंत्रणा या खेळात क्वचितच पाहायला मिळाली असेल.

फेरारीला रोखण्याचा प्रयत्न आधीही झाला होता. २००२ मध्ये शूमाकरने सहा शर्यती बाकी असतानाच विजेतेपद खिशात घातलं. मग २००३ साठी गुणपद्धत बदलली. दुसऱ्या क्रमांकाला ६ ऐवजी ८ गुण मिळू लागले आणि गुण सहाऐवजी आठ क्रमांकांपर्यंत गेले. परिणाम असा की सहा शर्यती जिंकलेला शूमाकर आणि एकच जिंकलेला किमी रायकोनेन यांच्यात वर्षाअखेर केवळ दोन गुणांचं अंतर उरलं, ९३ विरुद्ध ९१. चुरस नियमाने निर्माण केली होती, आणि तरीही जिंकली फेरारीच.

२००५ चा नियम फेरारीला पाडण्यासाठीच आणला असं अनेकांना वाटलं. मला ते अर्धसत्य वाटतं. गाड्यांचा वळणांवरचा वेग खरोखरच धोकादायक होत चालला होता. टिकाऊ टायर म्हणजे कडक टायर, म्हणजे कमी पकड, हा सरळ विचार त्यामागे होता. पण घाव नेमका फेरारीच्या मर्मावर बसला. इंधन भरायला थांबता येत होतं, ताजे टायर मिळत नव्हते. थोड्या फेऱ्यांसाठी घडवलेला टायर आता ३०० किलोमीटर पुरवायचा होता. दुसरी टायर कंपनी मिशेलिन, तिच्याकडे सात संघ होते, म्हणजे चाचण्यांतून येणारी माहितीही तितकी जास्त. ब्रिजस्टोनकडे फेरारीखेरीज जॉर्डन आणि मिनार्डी हे दोन गरीब संघ. जी जवळीक आदल्या वर्षापर्यंत ताकद होती तीच आता उणीव ठरली.

इतरांनाही नियमाने सोडलं नाही. न्युर्बुर्गरिंगला ब्रेक जोरात लागून रायकोनेनचा पुढचा टायर एका जागी घासून सपाट झाला. बदलावा तर आघाडी जाते, नियमात तो बसेल की नाही हाही प्रश्न. मॅक्लारेनने त्याला धावू दिलं. चाकाचे हादरे वाढत गेले आणि अखेरच्या फेरीत सस्पेन्शन तुटलं. विजय अलोन्सोला मिळाला.

मग १९ जूनला इंडियानापोलिस. शुक्रवारच्या सरावात तेराव्या, बाहेरच्या बाजूला उंचावत गेलेल्या वळणावर राल्फ शूमाकरची टोयोटा टायर निकामी होऊन भिंतीवर आदळली होती. आपले टायर त्या वळणावर पूर्ण वेगात सुरक्षित नाहीत, असं मिशेलिनने स्वतःच संघांना कळवलं. वेग कमी व्हावा म्हणून तिथे तात्पुरतं जोडवळण घालायची मागणी झाली, ती खेळाची नियामक संस्था एफआयएने मान्य केली नाही. मिशेलिनच्या १४ गाड्या शर्यत सुटण्याआधीच्या तयारीच्या फेरीनंतर सरळ पिटमध्ये शिरल्या. उरलेल्या सहांत मायकेल शूमाकर पहिला, आणि जॉर्डनमधला आपला नारायण कार्तिकेयन चौथा. फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळवणारा तो पहिला भारतीय. परिस्थिती विचित्र होती म्हणून त्या गुणांना कमी लेखणं मला पटत नाही. सगळ्यात मागे रेंगाळणाऱ्या गाडीत तो पूर्ण शर्यत टिकून राहिला.

वर्षाअखेर रेनॉ १९१, मॅक्लारेन १८२ आणि फेरारी १००. आदल्या वर्षी फेरारीचे २६२ होते. २००६ मध्ये टायर बदलायला पुन्हा परवानगी मिळाली. त्या वर्षी इंजिनांचे नियमही बदलले, त्यामुळे सगळं श्रेय टायरला देता येणार नाही. पण शूमाकरने सात शर्यती जिंकल्या आणि संघांच्या स्पर्धेत फेरारी रेनॉपेक्षा केवळ पाच गुणांनी मागे राहिली.

२०१० मध्ये इंधन भरणं पुन्हा बंद झालं. कोरड्या शर्यतीत दोन प्रकारचे टायर वापरण्याची २००७ पासूनची सक्ती मात्र राहिली. अखेरच्या अबुधाबीच्या शर्यतीत तोवर फेरारीत आलेला अलोन्सो गुणांत सर्वांत पुढे होता. गुणांत त्याच्या मागोमाग असलेला मार्क वेबर लवकर थांबला, त्याला उत्तर म्हणून फेरारीनेही अलोन्सोला बोलावलं. तो बाहेर आला तो विताली पेत्रोव्हच्या मागे. पेत्रोव्हने पहिल्याच फेरीत अपघातामुळे सेफ्टी कार (सगळ्यांना हळू चालवायला लावणारी गाडी) आली तेव्हा आपला सक्तीचा थांबा उरकून घेतला होता, त्याला परत थांबायचं कारणच नव्हतं. इंधनाचे थांबे असते तर तो कधीतरी बाजूला झाला असता. अलोन्सो शेवटपर्यंत त्याच्या मागे अडकून सातवा आला आणि सेबास्टियन व्हेटेल चार गुणांनी विश्वविजेता झाला.

अलीकडचं उदाहरण मोनॅकोचं. तिथे ओलांडणं जवळजवळ अशक्य, म्हणून २०२५ मध्ये दोन थांबे सक्तीचे केले. रेसिंग बुल्सने लियम लॉसनला मुद्दाम हळू चालवून मागची रांग अडवली आणि इसाक हाजारला दोन्ही थांब्यांसाठी पुरेसा वेळ मिळवून दिला. विल्यम्सने आपल्या दोन्ही गाड्यांना आळीपाळीने तेच करायला लावलं. चौघांनाही गुण मिळाले. मॅक्स व्हेरस्टापेनने लाल बावट्याने शर्यत थांबेल आणि वेळ न गमावता टायर बदलता येतील या आशेवर दुसरा थांबा अगदी शेवटच्या फेरीच्या तोंडावर नेऊन ठेवला. लाल बावटा काही आला नाही, आणि तो चौथा राहिला.