तळघरातील संप पंप

तळघरात झिरपणारे आणि पार्किंगच्या रॅम्पवरून उतरणारे पाणी सर्वांत खालच्या खड्ड्यात, म्हणजे संपमध्ये, गोळा होते. ते उपसून बाहेर टाकणारा हा पंप. बहुधा तो पाण्यात बुडून चालणारा, म्हणजे सबमर्सिबल असतो. पाणी चढले की फ्लोट स्विच तरंगत वर येतो आणि मोटर सुरू होते, पाणी उतरले की बंद होते.

पंप घेताना सगळी चर्चा हॉर्सपॉवरची होते, पण डिलिव्हरी पाइपवरचा, म्हणजे पाणी बाहेर नेणाऱ्या पाइपवरचा, नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (एनआरव्ही किंवा चेक व्हॉल्व्ह) तितकाच महत्त्वाचा आहे. तो पाणी एकाच दिशेने जाऊ देतो, परत येऊ देत नाही. 50 मिमी व्यासाच्या 4 मीटर उभ्या पाइपात सुमारे 8 लिटर पाणी मावते. पंप थांबल्यावर ते दरवेळी खाली आले तर लहान संप पुन्हा भरतो आणि मोटर सारखी चालू-बंद होऊन तापते. मुंबईत धोका याहून मोठा आहे. भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की पर्जन्यवाहिन्यांतले पाणी समुद्रात जात नाही, उलट तुंबते. पाइप अशा वाहिनीला खालूनच जोडलेला असला आणि एनआरव्हीच्या झडपेत प्लॅस्टिकचा तुकडा अडकला, तर रस्त्यावरचे पाणी त्याच पाइपातून तळघरात येते. म्हणून पाइप आधी रस्त्यावर पाणी चढते त्या पातळीच्या वर न्यावा, वळणाच्या माथ्यावर हवा शिरायला वाट ठेवावी आणि मग तो वाहिनीकडे उतरवावा. हा खर्च टाळण्यासारखा नाही.

एनआरव्हीवरचा बाण प्रवाहाच्या दिशेने हवा. व्हॉल्व्ह युनियन किंवा फ्लँजने, म्हणजे उघडता येणाऱ्या जोडाने बसवावा, म्हणजे साफ करायला पाइप कापावा लागत नाही. दोन पंप एकाच पाइपाला जोडले असतील तर प्रत्येकाला स्वतंत्र एनआरव्ही लागतो. नाहीतर चालू पंपाचे पाणी बंद पंपातून परत खड्ड्यात पडते. पंप गाळात टेकवू नये, आणि केबलला धरून तर कधीच उचलू नये, त्यासाठी साखळी असते.

मोटर गुणगुणते पण फिरत नाही, तेव्हा इम्पेलरमध्ये, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या फिरत्या चाकात, कचरा अडकलेला असतो किंवा सिंगल फेज मोटरला फिरायला लावणारा कपॅसिटर गेलेला असतो. मोटर चालूनही पाणी कमी येत असेल तर जाळी तुंबलेली असू शकते. थ्री फेज पंपात वायरिंगचे काम झाल्यावर हे सुरू झाले तर मोटर उलटी फिरत असण्याची शक्यता मोठी. दोन फेजची अदलाबदल केली की ती सरळ फिरते. एनआरव्हीच्या खाली पंपात हवा कोंडली तर पाणी चढतच नाही, म्हणून पंप आणि एनआरव्ही यांच्यामध्ये, खड्ड्याच्या आत, पाइपाला सुमारे 3 मिमीचे छिद्र ठेवतात. पंप बंद होताना मोठा ठोका ऐकू आला तर झडप उशिरा मिटते आहे असे समजावे. तिथे स्प्रिंगचा व्हॉल्व्ह बरा. पंप थांबतच नसेल तर आधी फ्लोट भिंतीला अडकला आहे का ते पाहावे.

वीज नेमकी पावसात जाते, म्हणून पंप जनरेटरच्या लाइनवर असायलाच हवा. मे महिन्यात खड्ड्यातला गाळ काढून, पाणी ओतून फ्लोटची चाचणी घ्यावी. फ्लोट खाली असला तरी पंपाला वीज असतेच, त्यामुळे हात घालण्यापूर्वी पॅनेलवरून पुरवठा तोडावा. सांडपाणी मिसळलेल्या बंद खड्ड्यात विषारी वायू साचतात. तिथे एकट्याने उतरू नये.