पंख्याला सात व्होल्ट : एका जुन्या युक्तीची पार्श्वभूमी

संगणकातल्या १२ व्होल्टच्या पंख्याला सातच व्होल्ट देऊन त्याचा वेग आणि आवाज कमी करायचा, ही ती युक्ती. इंटेलच्या ४८६ पर्यंत बहुतेक प्रोसेसरचं हीटसिंकशिवाय (उष्णता पसरवणाऱ्या धातूच्या ठोकळ्याशिवाय) किंवा नुसत्या हीटसिंकवर भागायचं. १९९३ मध्ये पेंटियम आला आणि पंखा कायमचा डोक्यावर बसला. पुढे प्रोसेसर तापत गेले, कॅबिनेटमधले पंखे मात्र बराच काळ ८० मिमीचेच राहिले. लहान पंख्यातून तेवढीच हवा काढायची तर वेग वाढवावा लागतो आणि वेगाबरोबर आवाजही वाढतो. पुण्यात असेंबल होणाऱ्या मशिनांत स्वस्त स्लीव्ह बेअरिंगचे, म्हणजे तेल लावलेल्या नळीत दांडा फिरणारे पंखे असत. धूळ आणि एप्रिल-मेचा उकाडा यांनी त्यातलं तेल आटलं की खरखर सुरू. स्टिकर सोलून शिवणयंत्राच्या तेलाचे एक-दोन थेंब सोडले की ती थांबते, पण मूळ वेगाचा आवाज तेलाने जात नाही.

त्यावर निघालेला उपाय म्हणजे सात व्होल्ट. एसएमपीएसच्या (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) चार पिनांच्या मोलेक्स प्लगमध्ये पिवळी तार १२ व्होल्ट, लाल ५ आणि मधल्या दोन काळ्या शून्य, म्हणजे जमीन. पंख्याची लाल तार पिवळीला आणि काळी तार लालला जोडली की त्याला फरकाचे ७ व्होल्ट मिळतात. बहुतेक १२ व्होल्टचे पंखे ७ वर हमखास सुरू होतात. ५ वर काही नुसते थरथरतात, कारण फिरत राहण्यापेक्षा फिरायला लागण्यासाठी जास्त व्होल्टेज लागतं. खर्च शून्य, म्हणून युक्ती झपाट्याने पसरली.

खरा वाद ती सुरक्षित आहे का, हा. पंख्याचा करंट इथे जमिनीला न जाता ५ व्होल्टच्या लाइनमध्ये शिरतो. एसएमपीएस त्या लाइनवर करंट देऊ शकतो, परत घेऊ शकत नाही. जुन्या मदरबोर्डांवर प्रोसेसरचा भार ५ व्होल्टवरच असे, त्यामुळे पंख्याचे ०.१-०.२ अँपिअर तिथेच खपून जात. पेंटियम ४ सोबत प्रोसेसरचा भार १२ व्होल्टवर गेला आणि ही उशी पातळ झाली. समर्थक म्हणतात, एका पंख्याने काही होत नाही, आणि ते बहुधा खरंही आहे. पण पंखाच आतून शॉर्ट झाला तर १२ व्होल्ट थेट ५ च्या लाइनवर येतात आणि हार्ड डिस्क जाऊ शकते. शिवाय पंख्याची जमीनच ५ व्होल्टवर असल्याने वेग सांगणारी तार बोर्डाला जोडता येत नाही, म्हणजे पंखा बंद पडला तरी पत्ता लागत नाही. वाचलेल्या पैशांच्या मानाने हा धोका फार मोठा आहे. पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळणारे १एन४००१ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे छोटे भाग) १२ व्होल्टच्या तारेत ओळीने जोडले तर दर डायोडमागे सुमारे ०.७ व्होल्ट उतरतात. सात डायोडांत तेवढंच काम होतं आणि जमीन जमिनीवरच राहते.

रंगांनीही अनेकांना फसवलं. मोलेक्सची लाल ५ व्होल्टची, तीन पिनी पंख्याची लाल १२ ची. तीन पिनीत पिवळी वेग सांगते. चार पिनीच्या मूळ मानकात पिवळी १२ व्होल्ट, हिरवी वेगाची आणि निळी नियंत्रणाची. हल्ली अनेक पंख्यांच्या सगळ्याच तारा काळ्या असतात, म्हणून पिनांचा क्रमच पाहावा आणि मल्टिमीटर हाताशी ठेवावा.

तारांची जागा बदलण्यासाठी प्लगमधल्या पिना काढायला एक्स्ट्रॅक्टर हे हत्यार घ्यावं. ते नसेल तर जुन्या रेडिओच्या एरिअलची बारीक नळी मोलेक्सच्या पिनेवर सरकवली की पिनेला प्लगमध्ये अडकवून ठेवणारे दोन्ही कान दबतात. पिन परत बसवण्याआधी ते कान उचलायलाच हवेत, नाहीतर ती मागे सरकते, सांधा ढिला राहतो आणि तापतो.

चार पिनी पीडब्ल्यूएम पंखे, म्हणजे वेगळ्या तारेवरच्या चालू-बंद सिग्नलने वेग ठरणारे, २००४ च्या सुमारास रूढ झाले. त्यात मोटरला पूर्ण १२ व्होल्ट मिळतात आणि वेग २५ किलोहर्ट्झच्या सिग्नलने ठरतो. अशा पंख्याला ७ व्होल्ट देऊ नयेत, आतलं सर्किट बिथरू शकतं. आता बायोसमध्येच (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) वेग डीसीने, म्हणजे व्होल्टेज बदलून, ठरवायचा की पीडब्ल्यूएमने हे निवडता येतं, त्यामुळे तारा कापण्याचं कारण उरलेलं नाही.

उरलं आहे ते कॅबिनेटचा पत्रा कापणं. दाबून छिद्रं पाडलेली जाळी हवा अडवते, म्हणून १२० मिमीच्या पंख्यासाठी ती काढून ११४ मिमीचं भोक पाडतात; स्क्रूंच्या केंद्रांत १०५ मिमी अंतर लागतं. पुण्याच्या बोहरी आळीत होल सॉ (ड्रिलला लावायची गोल करवत) घेताना बायमेटल, म्हणजे दोन धातूंचा, मागावा, वेग कमी ठेवावा आणि पत्र्यामागे लाकूड लावावं. बोर्ड आणि एसएमपीएस आधी बाहेर काढावेत. कडा कानशीने घासून झाल्यावर कॅबिनेट धुऊन पूर्ण वाळवावं, कारण लोखंडाचा एक कीस दोन पिनांमध्ये अडकला तरी बोर्ड शॉर्ट होतो.