वाहतूक खोळंब्याचे सदृशीकरण

रस्ता, रेल्वे किंवा बंदर काही काळ बंद पडले तर कुठल्या गोदामात किती माल उरेल आणि टंचाई किती दिवस टिकेल, हे संगणकावर नकली पुरवठा साखळी चालवून पाहण्याची पद्धत. कामाच्या ठिकाणी याला सरळ सिम्युलेशनच म्हणतात. ऑर्डर निघाली, गाडी भरली, घाट ओलांडला, माल उतरला अशा एकेका घटनेने यातले घड्याळ पुढे सरकते. खोळंबा दाखवायचा तर यातला एखादा टप्पा थोपवून धरायचा.

भिवंडीतले एक काल्पनिक गोदाम घेऊ. रोज 100 खोकी बाहेर जातात, नवा माल यायला 4 दिवस लागतात आणि साठा 500 वर आला की ऑर्डर जाते. एरवी गाडी दारात लागते तेव्हा 100 खोकी शिल्लक असतात. दरड कोसळून कसारा घाट 3 दिवस बंद झाला आणि गाडी पलीकडे अडकली, तर साठा पाच दिवसांत संपतो, माल सातव्या दिवशी येतो. तूट 200 खोक्यांची. तोच घाट तेवढेच दिवस बंद, पण गाडी कालच रिकामी झालेली असेल तर कुणाला पत्ताही लागत नाही. सरासरी उशीर धरून केलेला हिशेब फसतो तो इथेच. म्हणून बंदचा दिवस आणि मुदत यदृच्छेने बदलत तीच साखळी हजारो वेळा चालवतात. ही माँटे कार्लो पद्धत 1940 च्या दशकात अमेरिकेतल्या अण्वस्त्र संशोधनातून आली.

राखीव साठ्याच्या नेहमीच्या सूत्रात प्रत्येक उशीर स्वतंत्र मानलेला असतो. मुंबईचा पाऊस हे गृहीतक पाळत नाही. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रुझला 24 तासांत 944 मिमी पाऊस पडला आणि रस्ते, लोकल, विमानतळ सारे एकदम ठप्प झाले. दुसरा पुरवठादार त्याच घाटातून येत असेल तर तो नावापुरताच दुसरा.

बंदराचे गणित वेगळे, ते रांगेचे असते. 7 ऑगस्ट 2010 रोजी मुंबईजवळच्या समुद्रात एमएससी चित्रा आणि खलिजिया-3 ही जहाजे धडकली, कंटेनर पाण्यात पडले आणि मुंबई व न्हावा शेवा बंदरांतली ये-जा काही दिवस थांबली. समजा, एका बंदराला रोज 10 जहाजे झेपतात आणि येतात 9. पाच दिवस बंद म्हणजे 45 जहाजे तुंबली. पुढे रोज जास्तीचे एकच सुटणार, म्हणजे रांग मोडायला 45 दिवस! त्यात घाबरलेला दुकानदार दुप्पट ऑर्डर देतो आणि मागणीची ही फुगवटी साखळीत मागे जाताना वाढत जाते. एमआयटीच्या जे फॉरेस्टर यांनी 1950 च्या दशकाअखेरीस ती संगणकावर दाखवली होती.

माणसे मॉडेलमध्ये बसवणे मात्र सर्वांत अवघड. पाणी भरणार या धास्तीने माथाडी दुपारीच लोकल धरायला निघतात. रस्ता उघडा, गाडी दारात, आणि उतरवायला कुणी नाही.