प्लॅस्टिकभक्षण, सागरी पक्ष्यांमधील

समुद्रावर तरंगणारे प्लॅस्टिक सागरी पक्ष्यांनी गिळणे व पिलांना भरवणे. जाळ्यांत किंवा दोऱ्यांत पाय व पंख अडकून होणारे मृत्यू हा वेगळा विषय असून त्याचा येथे विचार केलेला नाही. सर्वाधिक बाधा प्रोसेलॅरिफॉर्मिस गणाला, म्हणजे ॲल्बट्रॉस, पेट्रेल, शिअरवॉटर व फुलमार या पक्ष्यांना पोहोचते.

या प्रकाराची पहिली नोंद कोणती, याविषयी एकवाक्यता नाही. बहुधा केन्यन व क्रिडलर यांच्या १९६९ मधील निबंधाकडे बोट दाखवले जाते. १९६६ मध्ये हवाई बेटांच्या वायव्येस असलेल्या पर्ल आणि हर्मीस या प्रवाळद्वीपावर त्यांनी लेसन ॲल्बट्रॉसच्या पिलांची १०० कलेवरे तपासली व त्यांपैकी ७४ मध्ये प्लॅस्टिक आढळले. तथापि न्यू फाउंडलंडच्या गल बेटावर १९६२ मध्ये मिळवलेल्या लीचच्या वादळी पेट्रेलांच्या जठरात प्लॅस्टिकचे कण होते, असे रॉथस्टीन यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केले. आणि न्यूझीलंडच्या किनाऱ्यावर वादळात मरून पडलेल्या प्रायन या लहान पेट्रेलवर्गीय पक्ष्यांमध्ये हे कण १९६० पासून दिसू लागल्याचे हार्पर व फाउलर यांच्या १९८७ मधील निबंधावरून कळते. प्रकाशनापेक्षा नमुन्याचे वर्ष प्रमाण मानणे अधिक युक्त वाटते. तसे केल्यास महायुद्धोत्तर प्लॅस्टिक उत्पादन वाढीला लागल्यावर दीड दशकाच्या आसपासच ते दोन वेगळ्या महासागरांतील पक्ष्यांच्या पोटात पोहोचले होते, असे म्हणावे लागते.

पक्षी प्लॅस्टिक का गिळतात, याची कारणे जातीगणिक वेगळी आहेत. लेसन ॲल्बट्रॉस उडत्या माशांची अंडी खातो. हे मासे तरंगत्या लाकडावर, पिसांवर वा प्युमिस दगडावर अंड्यांचे पुंजके चिकटवतात आणि आता त्यासाठी प्लॅस्टिकच अधिक सापडते, त्यामुळे पक्षी अंड्यांसकट तो तुकडा गिळतो. गंधाचा मुद्दा मात्र वादग्रस्त आहे. सावोका व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ काही आठवडे समुद्रात ठेवलेल्या प्लॅस्टिकमधून डायमिथिल सल्फाइड हा वायू निघत असल्याचे दाखवले. हाच वायू प्राणिप्लवकांनी (पाण्यात तरंगणाऱ्या बारीक प्राण्यांनी) शेवाळ खाल्ल्यावर सुटतो व भक्ष्याची जागा सुचवतो. या गंधाला प्रतिसाद देणाऱ्या जाती इतरांच्या सुमारे सहापट वारंवार प्लॅस्टिक गिळतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यावर पुढील वर्षी त्याच नियतकालिकात आक्षेप घेण्यात आला. प्लॅस्टिकला हा गंध चढतो, एवढा भाग भक्कम आहे. जातीजातींतील तुलनेचा भाग सावधपणेच स्वीकारावा.

ग्रंथिल जठर (पाचकरस स्रवणारा जठराचा पुढचा भाग) व पेषणी (अन्न दळणारा मागचा स्नायुमय भाग) यांची रचना येथे निर्णायक ठरते. कुरव व प्रौढ ॲल्बट्रॉस न पचणारा भाग ओकून टाकू शकतात. पेट्रेल व फुलमार यांच्या जठरातून पेषणीकडे जाणारी वाट अरुंद असल्याने तेथे गेलेला तुकडा झिजून बारीक होईपर्यंत अडकून राहतो. ॲल्बट्रॉसची पिले माखुलीच्या चोचींसह न पचलेल्या पदार्थांचा गोळा घरटे सोडण्याच्या सुमारास एकदाच बाहेर टाकतात. तोवर आईबापांनी हजारो किलोमीटर उडून आणून चोचीत ओतलेले सारे पोटातच साठते. हवाई बेटांच्या वायव्येकडील मिडवे बेटावर मेलेल्या पिलाचे मांस कुजून गेल्यावरही फासळ्यांच्या मध्ये बाटल्यांची झाकणे, सिगारेट लायटर व दात घासण्याच्या ब्रशांचे तुकडे जसेच्या तसे उरतात. हे दृश्य पाहणाऱ्याला विसरता येत नाही. तेथे १९९४-९५ मध्ये तपासलेल्या २५१ पिलांपैकी केवळ सहांच्या पोटात प्लॅस्टिक नव्हते. वाहनांखाली वा अन्य इजेने मेलेल्या पिलांपेक्षा नैसर्गिकरीत्या मेलेल्यांत ते वजनाने अधिक होते. असे असले तरी त्यावरून मृत्यूचे कारण प्लॅस्टिकच, असे थेट सिद्ध होत नाही. निर्जलीकरण व उपासमार यांचा वाटा वेगळा काढणे कठीण आहे.

रोमन व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये ५१ जातींच्या १,७३३ पक्ष्यांवरून काढलेल्या अनुमानानुसार एक तुकडा गिळल्यास मृत्यूची शक्यता सुमारे २० टक्के असते; फुग्यांचे मऊ तुकडे कठीण प्लॅस्टिकपेक्षा ३२ पट घातक ठरतात. ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाउ बेटावरील शिअरवॉटरांच्या जठरात तुकड्यांच्या घर्षणाने पडणाऱ्या व्रणांना २०२३ मध्ये ‘प्लॅस्टिकोसिस’ असे नाव देण्यात आले. २०१५ मधील एका प्रतिमानानुसार २०५० पर्यंत ९९ टक्के जाती प्लॅस्टिक गिळत असतील.

उत्तर समुद्रात किनाऱ्याला लागलेल्या मृत फुलमारांची जठरे १९८०च्या दशकापासून तपासली जातात. ०.१ ग्रॅमपेक्षा अधिक प्लॅस्टिक असलेले पक्षी १० टक्क्यांहून कमी असावेत, हे तेथील उद्दिष्ट आहे. २०१४ ते २०१८ या काळात हे प्रमाण निम्म्याहून किंचित अधिक होते. कारखान्यांतील कच्च्या प्लॅस्टिकचे दाणे मात्र पूर्वीपेक्षा बरेच घटले आहेत. भारतीय किनाऱ्यावर फुलमार येत नाही. कोकणात पावसाळी वादळांनी थकून किनाऱ्याला लागणारे मास्क्ड बूबी व शिअरवॉटर हे अशा तपासणीस उपयोगी पडू शकणारे पक्षी होत.