अब्ज तासांचा आकडा आणि क्रिटिकल सिस्टिम्सची मास्टर्स

क्रिटिकल सिस्टिम्सच्या, म्हणजे ज्या बिघडल्या तर जीव जाऊ शकतो अशा यंत्रणांच्या, सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगमध्ये मास्टर्सला प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या सत्रातच कळतं, की इथे प्रोग्रॅम लिहिण्यापेक्षा प्रोग्रॅमबद्दल बोलण्यात जास्त वेळ जातो. धोक्यांचं विश्लेषण, रिक्वायरमेंट्स (यंत्रणेने नेमकं काय करायचं याच्या लेखी अपेक्षा), तर्कशास्त्र, रिअल-टाइम शेड्युलिंग, मानकं, मॉडेल चेकिंग असे विषय वेगवेगळे दिसतात, पण सगळे एकाच प्रश्नावर येऊन थांबतात: हे सॉफ्टवेअर पुरेसं सुरक्षित आहे, असं कशाच्या जोरावर म्हणायचं? हा प्रश्न अभ्यासक्रमाच्या केंद्रस्थानी आला तो मुख्यतः १९८५ ते २००० या काळात.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात. १९६८ साली जर्मनीतल्या गार्मिश इथे भरलेल्या परिषदेत ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’ हे नाव रूढ झालं आणि १९७०चं दशक संपताना अमेरिकेत या विषयातल्या पहिल्या पदव्युत्तर पदव्या सुरू झाल्या. त्यांचा भर मोठे प्रकल्प वेळेत आणि खर्चात बसवण्यावर होता. सॉफ्टवेअर चुकल्यामुळे माणूस मरू शकतो, ही शक्यता तेव्हा अभ्यासक्रमाचा कणा नव्हती.

१९८५ ते १९८७ या काळात उत्तर अमेरिकेत थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राने सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणोत्सर्ग दिला आणि त्यातले काही दगावले. आधीच्या मॉडेलमध्ये असलेले हार्डवेअरचे इंटरलॉक, म्हणजे धोक्याची स्थिती आली की यंत्र अडवणारे अडसर, या यंत्रातून काढले होते आणि ती जबाबदारी सॉफ्टवेअरवर टाकली होती. जुन्या यंत्रांच्या कोडमधले काही भाग नव्यात आले होते; तिथल्या चुका इंटरलॉकमुळे झाकल्या जात होत्या. दुसरीकडे १९८८ मध्ये एअरबस ए३२० प्रवासी सेवेत आलं. वैमानिकाची आज्ञा आता संगणकामार्फत विमानाची दिशा बदलणाऱ्या हलत्या पृष्ठभागांपर्यंत पोहोचणार होती. त्यामुळे हा संगणक किती विश्वासार्ह आहे, हे आकड्यात सांगायची वेळ आली.

विमान वाहतुकीत तो आकडा आधीच ठरलेला होता. विमान आणि प्रवासी दोन्ही गमवावे लागतील असा बिघाड उड्डाणाच्या सुमारे अब्ज तासांत एकदाच, त्याहून जास्त वेळा नाही. हार्डवेअरच्या बाबतीत हे गणित जमतं. सुटे भाग झिजतात, त्यांच्या बिघाडाची आकडेवारी असते, तीन स्वतंत्र वाहिन्या समांतर जोडल्या की शक्यतांचा गुणाकार करता येतो. सॉफ्टवेअर झिजत नाही. त्यातली चूक पहिल्या दिवसापासून तिथेच असते आणि तिला जागं करणारा नेमका इनपुट येईपर्यंत दिसत नाही. चाचणी घेऊन हा आकडा सिद्ध करायचा, तर यंत्रणा अब्जाहून जास्त तास बिनचूक चालवून दाखवावी लागेल. अब्ज तास म्हणजे सुमारे १ लाख १४ हजार वर्षं. शंभर संगणक एकदम चालवले तरी हजार वर्षांच्या खाली येत नाही. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या आणि ब्रिटनमधल्या संशोधकांनी वेगवेगळ्या वाटांनी हाच निष्कर्ष मांडला: या पातळीची खात्री निव्वळ चाचणीतून मिळूच शकत नाही.

एक पळवाट सुचवली गेली होती. एकाच रिक्वायरमेंटवरून वेगवेगळ्या गटांनी वेगवेगळे प्रोग्रॅम लिहायचे आणि बहुमताने निकाल घ्यायचा. प्रत्येकाची चूक स्वतंत्र असेल, तर शक्यतांचा गुणाकार इथेही लागू पडेल. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दोन विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांनी २७ आवृत्त्या लिहिल्या आणि त्यांच्यावर दहा लाख चाचण्या घेतल्या. स्वतंत्रपणाचं गृहीतक टिकलं नाही. प्रश्नाचा अवघड भाग सगळ्यांनाच अवघड जात होता आणि वेगवेगळे लोक एकाच जागी अडखळत होते. या निकालावर त्या काळात कडवट वाद झाला. आजही मास्टर्सच्या वर्गात हा शोधनिबंध वाचायला देतात आणि दिलाच पाहिजे.

इथे आला एक वादग्रस्त निर्णय. डिसेंबर १९९२ मध्ये विमानातल्या सॉफ्टवेअरसाठीच्या डीओ-१७८ या मार्गदर्शक दस्तऐवजाची ‘बी’ आवृत्ती निघाली. तिने सॉफ्टवेअरला बिघाडाचा आकडा देणं स्पष्टपणे नाकारलं. त्याऐवजी ए ते ई अशा पाच पातळ्या ठरवल्या आणि प्रत्येक पातळीला उद्दिष्टं नेमून दिली. सर्वांत कडक ए पातळीसाठी ६६. त्यात रिक्वायरमेंटपासून कोडपर्यंत माग काढता येणं, पुनरावलोकनं, आणि प्रत्येक अट स्वतंत्रपणे निर्णय बदलू शकते हे दाखवणारं, एमसी/डीसी नावाचं चाचण्यांचं कव्हरेज, हे सगळं आलं. ही उद्दिष्टं पूर्ण केल्याने बिघाडाची शक्यता किती कमी होते, हे दस्तऐवज सांगत नाही आणि सांगितल्याचा आवही आणत नाही.

या निर्णयाच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. खोटा आकडा लिहिण्यापेक्षा आकडा न लिहिणं प्रामाणिकपणाचं होतं. या पद्धतीने बनलेल्या विमानांत रिक्वायरमेंटप्रमाणे कोड न चालल्यामुळे झालेले जीवघेणे अपघात फारच विरळ आहेत. पण किंमतही मोजावी लागली. पुराव्याची जागा प्रक्रियेने घेतली. उद्दिष्ट पूर्ण झालं की नाही हे तपासणं हेच काम झालं आणि ते उद्दिष्ट मुळात का आहे हा प्रश्न मागे पडला. एका पूर्ण पिढीला सुरक्षितता म्हणजे चेकलिस्ट वाटू लागली, त्याचं मूळ इथे आहे.

१९९८ ते २००० दरम्यान आलेल्या आयईसी ६१५०८ या उद्योगांसाठीच्या मानकाने गुंता आणखी वाढवला. तिथे सिल १ ते सिल ४ या सुरक्षेच्या चढत्या पातळ्यांना आकडे आहेत. सतत चालणाऱ्या यंत्रणेत सिल ४ म्हणजे दहा कोटी ते एक अब्ज तासांत एखादा धोकादायक बिघाड. हार्डवेअरसाठी हा आकडा मोजायचा असतो. सॉफ्टवेअरकडे आलं की त्याच पातळीचं रूपांतर तंत्रांच्या तक्त्यांत होतं: हे तंत्र शिफारसपात्र, ते अत्यंत शिफारसपात्र. या तक्त्यांतून तो आकडा कसा निघतो, याचं उत्तर मानकात नाही. मोटारींचं आयएसओ २६२६२ याच घराण्यातलं, म्हणून हा गुंता तिथेही पोहोचला.

ब्रिटनमध्ये वेगळी वाट घडत होती. १९८८ मध्ये उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल-वायूच्या फलाटावर स्फोट होऊन १६७ माणसं गेली. त्यानंतर अशा फलाटांवर सेफ्टी केस सक्तीची झाली. यंत्रणा का सुरक्षित आहे याचा युक्तिवाद चालवणाऱ्यानेच मांडायचा आणि त्यामागे पुरावा जोडायचा. हीच रीत पुढे सॉफ्टवेअरमध्ये रुजली. १९९०च्या दशकात तिथे सुरक्षा-क्रिटिकल यंत्रणांवरच्या खास पदव्युत्तर पदव्या उभ्या राहिल्या, त्यांत कामावर असलेले इंजिनिअर अर्धवेळ शिकायला येत. विद्यार्थ्याला उलटतपासणी करायला शिकवणारी ही परंपरा माझ्या मते जास्त सकस आहे.

तिसरा धागा फॉर्मल मेथड्सचा, म्हणजे प्रोग्रॅम बरोबर आहे हे गणिताने सिद्ध करण्याच्या पद्धतींचा. ऑक्टोबर १९९८ मध्ये सुरू झालेल्या पॅरिसच्या १४ क्रमांकाच्या चालकविरहित मेट्रोचं सुरक्षेचं सॉफ्टवेअर ‘बी’ नावाच्या अशाच एका पद्धतीने, गणिती सिद्धतेसह बनवलं होतं. २००९ मध्ये सेल-४ या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची सिद्धता यंत्राने तपासून पूर्ण झाली. डिसेंबर २०११ मध्ये डीओ-१७८ची पुढची ‘सी’ आवृत्ती आली आणि सोबतच्या डीओ-३३३ या पुरवणीने ठरावीक चाचण्यांच्या जागी सिद्धता मांडायला वाट करून दिली. थिअरम प्रूव्हर, म्हणजे अशा सिद्धता तपासणारं साधन, हा आता अनेक अभ्यासक्रमांत स्वतंत्र विषय आहे.

सिद्धतेलाही कुंपण आहे, हे बोइंगच्या ७३७ मॅक्स विमानाने दाखवलं. ऑक्टोबर २०१८ आणि मार्च २०१९ मधल्या दोन अपघातांत ३४६ जण गेले. विमानाचं नाक आपोआप खाली दाबणाऱ्या एमकॅस या यंत्रणेचा कोड त्याला सांगितलं होतं तेच करत होता. विमानाचा हवेशी होणारा कोन मोजणाऱ्या एकाच संवेदकावर विसंबणारी रचना आणि धोक्याची सौम्य वर्गवारी ही मुळातली चूक होती. त्यामुळे धोक्यांचं विश्लेषण आणि रिक्वायरमेंट्स हे विषय पुन्हा वर आले. त्यातच मशीन लर्निंगने ‘रिक्वायरमेंटपासून कोडपर्यंत माग’ ही कल्पनाच डळमळीत केली, कारण शिकलेल्या मॉडेलमधल्या कुठल्या वजनामागे (शिकताना ठरलेल्या आकड्यामागे) कुठली रिक्वायरमेंट आहे हे सांगता येत नाही. स्वयंचलित वाहनांसाठी २०२० मध्ये आलेलं यूएल ४६०० म्हणूनच सेफ्टी केसवर उभं आहे. आज या क्षेत्रात प्रबंधाचा विषय शोधणाऱ्याला बहुतेक वेळा इथेच काम सापडतं: ज्याचा कोड वाचून काहीच कळत नाही, त्याच्या सुरक्षिततेचा युक्तिवाद कसा रचायचा आणि तो कुणी, कसा तपासायचा.