ओरिजिनल कागदपत्रं कॉलेजकडे ठेवावीच लागतात?

दर प्रवेशाच्या हंगामात हे ऐकू येतं: ओरिजिनल मार्कशीट आणि दाखला एकदा कॉलेजात जमा केला की कोर्स संपेपर्यंत तो कॉलेजचा, आणि मधेच सोडायचं तर उरलेल्या वर्षांची फी भरा. हे साफ चुकीचं आहे. या भीतीपोटी कित्येक मुलं नको असलेल्या कोर्सला अडकून पडतात, म्हणून स्पष्टच लिहितो.

विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) ऑक्टोबर २०१८ मध्ये काढलेल्या अधिसूचनेनुसार मूळ कागदपत्रं विद्यार्थ्यासमोर तपासून लगेच परत द्यायची असतात. फाईलला लागतात त्या स्वसाक्षांकित झेरॉक्स. शाळा सोडल्याचा दाखलाही यात येतो. आगाऊ फी फक्त चालू सत्राची किंवा वर्षाची घेता येते, त्यामुळे 'उरलेल्या वर्षांची फी' हा प्रश्नच उरत नाही. प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या किमान १५ दिवस आधी नाव काढलं तर पूर्ण फी परत, फक्त प्रक्रिया शुल्क म्हणून जास्तीत जास्त ५ टक्के (कमाल ५,००० रुपये) कापता येतात. त्या तारखेनंतर १५ दिवसांच्या आत ८० टक्के, ३० दिवसांच्या आत ५० टक्के. (यूजीसी एखाद्या वर्षासाठी वेगळ्या तारखा जाहीर करते, त्या बघून घ्या.)

खिडकीवरचा क्लार्क नाही म्हणाला तर वाद घालत बसू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. यूजीसीच्या २०२३ च्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती हवीच, आणि कागदपत्रं अडवणं ही त्यात नमूद असलेली तक्रार आहे. समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. समाधान झालं नाही तर विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येतं, तेही १५ दिवसांच्या आत.